‘पावसाचंच पाणी हाय’ म्हणे!



मृग जवळ आला. आपण बियाणं पाहतो, कवेलू फेरतो, नाल्याकाठच्या झिऱ्यातला गाळ काढतो. आणि नागपूर-अमरावती महामार्गाच्या कडेला काँक्रीटचे प्लँट काय तयारी करतात? बहुतेक ठिकाणी काहीच नाही. त्यांची नाली पाऊसच साफ करून देतो. वर्षभर आवारात सांडलेलं सिमेंट, राख, गिट्टीची चुरी, मिक्सर गाडी धुतलेला चिखल, डिझेल-ऑइल, हे सगळं पहिल्या दोन दणक्यांत वाहून उताराला लागतं. उताराला कोण राहते, हे सांगायची गरज नाही.

विचारायला गेलं की एकच उत्तर मिळते : “आम्ही काही सोडलं नाही बाप्पा, पावसाचंच पाणी हाय.” हे उत्तर ऐकून आपले लोक गप बसतात, कारण पाऊस तर सगळ्यांचा. म्हणून या अंकात या एका वाक्याचाच हिशेब करायचा आहे.

पाऊस आभाळातून पडतो तेव्हा तो पावसाचं पाणी असतो. सिमेंटच्या ढिगावरून वाहिला की तो चुन्याचं पाणी होतो. शाळेत आपण सामू शिकलो. शुद्ध पाण्याचा सामू ७. ओल्या सिमेंटच्या पाण्याचा १२ च्या आसपास जातो. सामू एकाने वाढला म्हणजे खारेपणा दहापट वाढतो. म्हणजे ९ चा १२ झाला की हजारपट. अशा पाण्याने चामडी सोलते, मासोळीचे कल्ले जळतात. चुरी आणि राख तळाशी बसते, रेतीतली फट बुजवते, आणि सिमेंट असलं की तिथंच दगड होऊन बसते. ज्या रेतीतून आपला झिरा पाझरतो ती रेतीच बंद झाली, तर उन्हाळ्यात हंडा घेऊन कुठं जायचं? नुकसान पावसाळ्यात होते आणि समजते ते चैत-वैशाखात. तेव्हा प्लँटवाला म्हणतो, यंदा पाऊसच कमी होता.

आता कायदा पाहू. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा १९७४ चा आहे. त्याच्या कलम २४ मध्ये जाणूनबुजून कोणताही विषारी वा प्रदूषण करणारा पदार्थ नाल्यात, विहिरीत किंवा जमिनीवर जाऊ द्यायला बंदी आहे. तो पदार्थ नळीने गेला की पावसाने नेला, असा भेद कलमात नाही. कलम २५ सांगते की सांडपाणी सोडणारा कारखाना उभा करण्याआधी आणि चालवण्याआधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांत नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा आहे : सामू ५.५ ते ९, आणि तरंगता गाळ लिटरमागे १०० मिलिग्रॅम. मिक्सरचा ड्रम धुतलेलं पाणी या मर्यादेच्या आसपासही येत नाही.

अमेरिकेत १९८७ च्या दुरुस्तीपासून कारखान्याच्या आवारातून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्यालाच वेगळा परवाना लागतो, आणि काँक्रीटचे प्लँट त्यात येतात. म्हणजे ‘पावसाचंच पाणी’ ही पळवाट तिकडच्या सरकारने जवळपास चाळीस वर्षांपूर्वी बंद केली. आपल्याकडे वेगळा परवाना नाही. सगळा भार संमतीपत्रातल्या अटींवर आहे. आणि अटी वाचतो कोण? प्लँटवाला फाईलीत लावतो, साहेब फाईल पाहून जातो, आणि ज्याच्या ढोरानं ते पाणी प्यायचं त्याला अशी फाईल असते हेच माहीत नसते.

मालक म्हणतील, हे सगळं करणं परवडत नाही. काय करायचं असते, ते मोजून पाहा. आवाराभोवती बांध. सिमेंट आणि राख बंद टाकीत, चुरीवर छत किंवा ताडपत्री. गाड्या धुवायला पक्की जागा आणि तिथून उतरत्या क्रमाने दोन-तीन गाळ बसायची टाकी. निवळलेलं पाणी पुन्हा वापरायचं. आणि बाहेरून येणारं स्वच्छ पाणी आवारात शिरू नये म्हणून वरच्या अंगाला एक चर. एवढंच. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्याच्या छातीवरून काँक्रीटचा टाकला. सिमेंट ज्यांच्या घरचं, त्यांले दोन टाकी बांधाले सिमेंट पुरत नाही?

दुसरी सबब : “आमचा प्लँट जंगलात नाही, खाजगी वावरात आहे. तुमच्या वनहक्काचा काय संबंध?” संबंध आहे. वनहक्क कायदा २००६ चं कलम ५ वाचा. ज्या भागात वनहक्कधारक आहेत तिथल्या ग्रामसभेला लगतचं पाणलोट क्षेत्र आणि पाण्याचे स्रोत सांभाळण्याचा अधिकार आहे. ‘लगतचं’ हा शब्द कायद्यातच आहे. पाणी सातबारा पाहून वाहत नाही, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. कलम ३(१)(डी) मध्ये मासोळी आणि पाण्यातली इतर उपज हाही सामूहिक हक्क आहे. नाला मेला तर तो हक्क कागदावर उरेल.

काही अधिकारी म्हणतात, वर्धा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, इथं पेसा लागत नाही, म्हणून ग्रामसभेला अधिकार नाही. अर्धं खरं आहे. पेसा लागत नाही. पण वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता नाही, तो कारंजा तालुक्यालाही तेवढाच लागू आहे. पुढच्या वेळी हे ऐकलं तर साहेबाला लेखी द्यायला सांगा.

आता जरा आपल्याच घरातलं बोलू. संघटनेच्या बैठकीत काही दादा म्हणतात, “आधी पट्टे मिळू द्या, पाण्याचं मागून पाहू.” मला हे पटत नाही. पट्ट्यासाठी आपण मोर्चे काढले, दावे भरले, ते कशासाठी? वावर पिकवायला. ज्या वावराच्या खालचा नाला चुनखडी झाला, त्याचा पट्टा फ्रेम करून भिंतीला लावायचा काय? शिवाय कलम ५ चा अधिकार मिळतोच तो वनहक्कधारक असल्यामुळे. म्हणजे ज्या गावात पट्टे मिळाले, तिथं पाण्याची लढाई लढायचं हत्यार हातात आलेलं आहे. ते म्यानात ठेवून गंजवू नका.

आणि रोजगाराचं. प्लँटवर आपल्या पोट्ट्यांना काम मिळते, खरं आहे. पण आपण प्लँट बंद करा म्हणत नाही, टाकी बांधा म्हणतो. टाकी साफ करायलाही माणूस लागतोच. पाण्याचं बोललं म्हणून मजुरी बंद करतो म्हणणारा मालक मजुरी देत नाही, तोंड बंद ठेवायचे पैसे देतो.

म्हणून मृगाच्या आधी प्रत्येक गावाने एवढं करावं :

१. ग्रामपंचायतीने दिलेलं प्रत्येक ना-हरकत पत्र ग्रामसभेत वाचायला लावा. ठराव कधी झाला, कोण हजर होतं, ते विचारा.

२. प्लँटचं संमतीपत्र आणि तपासणी अहवाल माहिती अधिकारात मागा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्याला तीही नाही. शिवाय संमतीच्या अटींची नोंदवही पाहण्याचा हक्क बाधित माणसाला जल कायद्याच्या कलम २५ मध्येच दिला आहे.

३. हळदीत चुना पडला की कुंकू होते, हे प्रत्येक बाईला माहीत आहे. हळद लावलेला पांढरा कागद नाल्याच्या पाण्यात बुडवा. लाल झाला तर पाण्यात काहीतरी खारं आहे. तारीख, वेळ, जागा लिहा, फोटो काढा, ग्रामसभेचा पंचनामा करा.

४. पण ध्यानात ठेवा : आपली बाटली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. कलम २१ प्रमाणे नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच, मालकाला कळवून, सीलबंद घ्यावा लागतो. म्हणून तक्रारीत एकच ठाम मागणी लिहा : पाऊस चालू असताना या. उन्हात येऊन कोरडी नाली पाहून गेलेला अहवाल आम्ही मानणार नाही.

५. तक्रार मंडळाच्या नागपूर कार्यालयाला, प्रत जिल्हाधिकारी आणि तहसीलदारांना. पोच घेतल्याशिवाय उठू नका. दाद लागली नाही तर पुण्याला राष्ट्रीय हरित लवादाचं खंडपीठ आहे. आदिवासींच्या वापरातला झरा किंवा पाणी नासवणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे, हेही तक्रारीत लिहा.

कार नदीला मिळणारा प्रत्येक नाला कोणाच्या तरी गावातून जातो. ज्याच्या गावातून जातो त्याने तो राखायचा. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने आपल्या नाल्याचं नाव आणि वरच्या अंगाला असलेल्या प्लँटची यादी घेऊन यावी. नुसते हात वर करायला येऊ नये.

जल, जंगल, जमीन : यात जल पहिलं आहे!