अकस्मात दृष्टिनाश आणि वैद्याचे कर्तव्य

सकाळी उठताच एका डोळ्याने अंधुक दिसू लागले, डोळा मात्र दुखत नाही, अशी तक्रार घेऊन उतारवयातील रुग्ण आपल्याकडे येतो. दृष्टिनाडीच्या अग्रभागाचा रक्तपुरवठा खंडित होणे, हे यामागील एक महत्त्वाचे कारण होय. याचे दोन प्रकार आहेत : एक धमनीशोथजन्य, दुसरा धमनीशोथाविना होणारा. दुसरा अधिक आढळतो. मधुमेह व उच्च रक्तदाब यांच्याशी त्याचा संबंध आहे. अशा रुग्णास तत्काळ तर्पण, नस्य वा शिरोधारा सुरू करण्याचा मोह वैद्याने आवरला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या मोहाचे मूळ यशाच्या समजुतीत आहे. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासात, दुसऱ्या प्रकारच्या ज्या रुग्णांना शस्त्रक्रियेविना केवळ निरीक्षणाखाली ठेवले, त्यांपैकी सुमारे ४३ टक्के रुग्णांना सहा महिन्यांनी तक्त्यावरील तीन वा अधिक ओळी जास्त वाचता आल्या. शस्त्रक्रिया केलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३३ टक्केच भरले. अर्थात, निसर्गतः होणारी सुधारणा आपण तर्पणाच्या खात्यावर जमा करणे न्याय्य नव्हे.

हा हिशेब केवळ श्रेयाचा नाही. पन्नाशी उलटलेल्या रुग्णास शंखप्रदेशी नवी वेदना, केस विंचरताना डोक्याची त्वचा हुळहुळणे, घास चावताना जबडा दुखणे, ज्वर वा वजन घटणे अशी लक्षणे असल्यास पहिला प्रकार, म्हणजे जायंट सेल आर्टेरायटिस, संभवतो. हा व्याधी आपल्याकडे विरळ आहे. परंतु उपचाराविना दुसरा डोळाही काही दिवसांतच जाऊ शकतो. तातडीने दिलेले स्टिरॉइड गेलेली दृष्टी बहुधा परत आणीत नाही; उरलेली मात्र राखू शकते. येथे सात दिवसांचे तर्पण म्हणजे सात दिवसांचा विलंब.

म्हणून वरील लक्षणे विचारावीत, त्यांची नोंद चिठ्ठीत करावी आणि रुग्णास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. पुढे पथ्याहार, मधुमेह व रक्तदाब यांवर लक्ष ठेवण्यात आपला वाटा मोठा आहेच.

सुश्रुताचार्यांनी ७६ नेत्ररोग सांगताना साध्य, याप्य व असाध्य असा विवेक केला. तोच विवेक आज आपल्या हातून घडावा. वेळेवर पाठविलेला रुग्ण हे वैद्याचे अपयश नसून त्याच्या शास्त्रनिष्ठेची साक्ष आहे, असे आम्ही मानतो.