मुक्कामापुरते शहर

वेरूळ-अजिंठ्यासाठी निघालेला प्रवासी छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जगाला दीर्घकाळ औरंगाबाद या नावाने ठाऊक असलेल्या शहरात, उतरतो तो बहुधा निजण्यापुरताच. एके दिवशी मोटार त्याला तीस किलोमीटरवरील वेरूळला नेते, दुसऱ्या दिवशी शंभर किलोमीटरवरील अजिंठ्याला. वाटेवर दौलताबादचा किल्ला, परतताना अर्धा तास बीबीचा मकबरा, आणि मग रात्रीची गाडी. ही दोन्ही लेणी १९८३ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली; पुढे शासनाने या शहराला ‘पर्यटन राजधानी’ हा किताबही बहाल केला. परंतु ज्या राजधानीत पाहुणा पाय मोकळे करावयासही बाहेर पडत नाही, तिचे राजधानीपण कशात शोधावयाचे?

शहरात पाहण्याजोगे काही नाही म्हणून असे घडते, असे मुळीच नव्हे. मलिक अंबराने १६१० च्या सुमारास खडकी येथे हे नगर वसविले. त्याने उभारलेला भडकल दरवाजा आजही वाहतुकीच्या गर्दीत उभा आहे. डोंगरातील पाणी जमिनीखालच्या नहरीतून, कोणत्याही यंत्राविना, केवळ उताराच्या बळावर त्याने घरोघरच्या हौदांपर्यंत आणले. याच विद्येच्या आधारे पुढे पाणचक्की फिरली आणि बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळले गेले. अलीकडच्या वर्षांत याच शहरातील कित्येक वस्त्यांना नळाच्या पाण्यासाठी काही दिवसांआड वाट पाहावी लागली. हा विरोधाभास एखाद्या जाणत्या वाटाड्याने नहरीच्या काठी उभे राहून सांगितला, तर तो कोणत्याही शिल्पाइतका पाहुण्याच्या मनात राहील. परंतु तसा वाटाड्याही नाही आणि तेथवर जाणारी पायवाटही धड नाही.

मकबऱ्याची कथा तर अधिकच उद्बोधक आहे. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर. तिचे बांधकाम सतराव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आरंभी पुरे झाले. स्थानिक मार्गदर्शक मोठ्या हौसेने तिला ‘दख्खनचा ताज’ म्हणतात. एवढे म्हटल्यावर पाहुणा आग्र्याची फूटपट्टी लावतो, संगमरवर कोठे संपला आणि चुन्याचा गिलावा कोठे सुरू झाला ते मोजतो, आणि ‘नक्कल’ असा शेरा मारून मोटारीत बसतो. आपल्या गावाच्या वास्तूला दुसऱ्या गावाचे नाव चिकटवून तिची शोभा वाढते, ही समजूत मोठी विचित्र म्हटली पाहिजे.

शहराने पाहुण्यासाठी काही केलेच नाही असेही नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत ‘जी-२०’ परिषदेच्या निमित्ताने महिलाविषयक बैठक येथे भरली, तेव्हा भिंती रंगल्या, दुभाजकांवर झाडे आली, दरवाजे दिव्यांनी उजळले. आपल्याकडे सुशोभीकरण म्हणतात ते हेच. परंतु ते मोटारीच्या काचेतून पाहण्यासाठी असते. पाहुण्याची खरी गरज सावली, चालता येईल असा सलग पदपथ, स्वच्छ मुतारी आणि बसावयाला एखादा कट्टा यांची. आणि नेमकी हीच गरज गुलमंडीत खरेदीला आलेल्या गृहिणीची, शाळेतून पायी परतणाऱ्या मुलाचीही असते. येथे पर्यटनाचा खर्च आणि नागरी सोयींचा खर्च ही दोन निराळी खाती मानली जातात, आणि सारा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

ही खाती एक मानली म्हणजे काय होते, त्याचे उदाहरण शेजारच्या राज्यात आहे. अहमदाबादजवळ अजिंठा नाही. तेथे आहेत त्या पोळी, म्हणजे एका दरवाजाआड वसलेले, लाकडी कोरीव घरांचे दाट मोहल्ले. तेथील महापालिकेने १९९७ पासून रोज सकाळी पाहुण्यांना काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत पायी फिरविण्यास आरंभ केला. वाटेत पक्ष्यांना दाणे टाकण्याचे चबुतरे लागतात, देवळे लागतात, ओट्यावर भाजी निवडणारी माणसे दिसतात. २०१७ मध्ये हे शहर जागतिक वारशाच्या यादीत आले. तेथील कित्येक हवेल्या आजही ढासळत आहेत, हे खरेच. तथापि आपले नित्याचे जगणे पाहुण्याला दाखविण्याजोगे आहे, एवढा विश्वास त्या शहराने दाखविला.

येथे कोणी व्हेनिसचा दाखला देईल. तेथे पर्यटकांची एवढी रीघ लागली, की मूळ बेटावरील रहिवासी ५० हजारांच्याही खाली आले आणि २०२४ मध्ये ठराविक दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांवर प्रवेशशुल्क बसवावे लागले. भीती रास्त आहे. परंतु आपला रोग अगदी उलट आहे. येथे पाहुणा रस्त्यावर उतरतच नाही, आणि त्याचा तोटा हॉटेलमालकापेक्षा हिमरू विणणाऱ्याला अधिक सोसावा लागतो. सुती ताण्यावर रेशमी बाणा घालून होणारे हे वस्त्र या शहराची खास ओळख. हातमागावर ते विणणारी घरे आता थोडकीच उरली आहेत. पाहुण्याला बहुधा मोटारचालक नेईल त्या दुकानात यंत्रमागावरची शाल मिळते. मागाचा आवाज त्याच्या कानी पडतच नाही.

प्रारंभासाठी फार मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. भडकल दरवाजापासून पाणचक्कीपर्यंत चालत जाण्याइतकेच अंतर आहे. तेवढा पदपथ आधी मोकळा करावा, नहरीची माहिती मराठी, उर्दू, हिंदी व इंग्रजीत लावावी, इतिहासाच्या पदवीधर विद्यार्थ्यांना वाटाड्याचे काम व मानधन द्यावे आणि फेरीचा शेवट विणकराच्या मागापाशी करावा. मुहूर्तही शोधावयास नको. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. त्या दोन दिवशी पाहुणा हॉटेलात बसून ‘आता येथे काय पाहावे’ असे विचारतच असतो.