शेवटच्या पानावरून हंगाम वाचू नये

एखाद्या कादंबरीचा शेवट साधला, की आधीच्या दोनशे पानांतील शैथिल्य आपण उदारपणे विसरतो. शेवट फसला, की चांगल्या पानांकडेही संशयाने पाहू लागतो. समीक्षेतील ही जुनी खोड खेळाच्या मैदानावर अधिक उघडी पडते, असे आम्हांस वाटते. उदाहरणादाखल अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाचा २०२१-२२ चा हंगाम घेऊ.

तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणारे रॉय विल्यम्स एप्रिल २०२१ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी ह्युबर्ट डेव्हिस आले. डेव्हिस याच विद्यापीठाचे माजी खेळाडू, डीन स्मिथ यांचे शिष्य आणि २०१२ पासून विल्यम्स यांचे सहायक. या संघाचे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. मात्र महाविद्यालयीन मुख्य संघाची सूत्रे त्यांनी तोवर कधीच सांभाळली नव्हती. घराण्याचा वारसा होता, स्वतःच्या गायकीचा पुरावा अद्याप यायचा होता.

तो पुरावा लवकर आला नाही. डिसेंबरात केंटकीकडून ६९-९८ असा पराभव झाला. जानेवारीत मायामीने २८ गुणांनी आणि पाठोपाठ वेक फॉरेस्टने २२ गुणांनी हरवले. फेब्रुवारीत पिढीजात प्रतिस्पर्धी ड्यूकने घरच्या मैदानावर २० गुणांनी लोळवले, आणि मग पिट्सबर्गसारख्या दुबळ्या संघानेही घरीच मात दिली. त्या घटकेस निकाल लिहिणाऱ्याने ‘नेमणूक चुकली’ असे लिहिले असते, तर त्यास अन्यायी म्हणता आले नसते.

पुढे जे घडले ते सर्वज्ञात आहे. ५ मार्च २०२२ रोजी ड्यूकचे प्रशिक्षक माइक शशेफ्स्की यांच्या घरच्या मैदानावरील अखेरच्या सामन्यात या संघाने ड्यूकला ९४-८१ असे हरवले. राष्ट्रीय स्पर्धेत आठवे मानांकन मिळाले. तेथे गतविजेत्या बेलरविरुद्ध २५ गुणांची आघाडी हातची गेली, तरी जादा वेळेत संघ ९३-८६ असा जिंकला. उपांत्य सामन्यात पुन्हा ड्यूक समोर आले, आणि ८१-७७ या विजयाने शशेफ्स्की यांची कारकीर्दही संपली. अंतिम सामन्यात मध्यंतरास कॅन्सासविरुद्ध ४०-२५ अशी आघाडी होती. सामना मात्र ६९-७२ असा हातून निसटला. एकूण हिशेब २९ विजय, १० पराभव.

या शेवटामुळे जवळपास सर्वांनी हंगामास ‘अद्भुत’ ठरवले. आमचे मत किंचित निराळे आहे. आठवे मानांकन ही निवड समितीची चूक नव्हती. चार महिन्यांच्या खेळाचे ते प्रामाणिक वाचन होते. बाद पद्धतीच्या स्पर्धेत तीन आठवडे सूर सापडला, तर संघ कोठेही पोहोचू शकतो. त्या तीन आठवड्यांचे मोल आहेच. पण ते आधीचे महिने पुसून टाकत नाही.

मग डेव्हिस यांचे श्रेय कशात? आमच्या मते, निवडीत. केलेब लव्ह, आर. जे. डेव्हिस, लीकी ब्लॅक, ब्रेडी मॅनेक आणि अर्मांडो बेकॉट या पाच जणांवर त्यांनी सारा भार टाकला आणि पराभवांच्या काळातही त्यांच्यावरील विश्वास ढळू दिला नाही. मॅनेक उंच असूनही दुरून अचूक नेम साधणारा. त्यामुळे आतल्या बाजूस बेकॉटला मोकळी जागा मिळे. ही रचना विचारपूर्वक होती. परंतु तिची किंमतही तिच्यातच दडलेली होती. राखीव खेळाडू पुरेसे घडले नाहीत. अंतिम सामन्यात बेकॉट दुखऱ्या घोट्यानिशी खेळला, १५ रिबाउंड घेतले, आणि उत्तरार्धात कॅन्सासने ४७ गुण केले तेव्हा प्रशिक्षकाच्या हाती पर्याय थोडे होते. ज्या गुणाने संघ तेथवर नेला, त्याच गुणाची मर्यादा तेथे दिसली.

ज्यांनी केवळ शेवटचे पान वाचले, त्यांना ती दिसली नाही. पाचांपैकी चौघे परतले म्हणून २०२२-२३ च्या आरंभी हा संघ देशात पहिल्या क्रमांकाचा ठरवला गेला. मॅनेक मात्र गेला होता. संघ २०-१३ वर थांबला आणि राष्ट्रीय स्पर्धेत त्यास प्रवेशही मिळाला नाही. १९८५ मध्ये स्पर्धेचा विस्तार झाल्यापासून आरंभी अग्रस्थानी असलेल्या संघावर अशी वेळ प्रथमच आली. मग तेच डेव्हिस अनेकांच्या लेखी एकाएकी अपात्र ठरले. वस्तुतः माणूस तोच, पद्धतही बरीचशी तीच. बदलले होते ते शेवटचे पान.

आमचा निवाडा असा: पहिला हंगाम चांगला होता, त्याच्या कीर्तीइतका थोर नव्हता, दुसरा वाईट होता, त्याच्या अपकीर्तीइतका नव्हे. हा निवाडा कोणास बेचव वाटेल. पण उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना आणि पहिल्या पुस्तकांवर परीक्षणे लिहिणाऱ्यांना तो परका वाटू नये. विद्यार्थ्याचे वर्ष एका पेपरावर आणि लेखकाची कुवत एका समाप्तीवर तोलण्याचा मोह आपल्यालाही होतोच. ज्याच्यावर तो निकाल लागतो, त्याच्या आयुष्यात मात्र तो बराच काळ राहतो.