मोटर गेलीच नव्हती

आषाढातल्या एका संध्याकाळी मी राइट टाउनमधल्या आमच्या गल्लीतून गाडी मागे घेत होते. पाऊस फार नव्हता, नुसती झिमझिम. पण मागची काच चिखलाच्या शिंतोड्यांनी भरलेली. मागचा वायपर आठवडाभर बंद होता आणि 'बघू रविवारी' म्हणत मी तो विषय ढकलत आले होते. आरशात काही दिसेना, तरी अंदाजाने मागे येत राहिले. तोच डिकीवर दोन थापा पडल्या आणि शेजारच्या वहिनी ओरडल्या, "अहो थांबा, थांबा!" उतरून पाहते तो त्यांचा सहा वर्षांचा नातू सायकलसकट मागच्या चाकापासून हातभर अंतरावर उभा! कुणाला काही लागले नाही. पण त्या रात्री मला जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गॅरेज गाठले. कारागिराने बटण दोनदा दाबून पाहिले, "मोटर गयी, मैडम," म्हणाला आणि साडेतीन हजारांचा आकडा सांगितला. मी त्याला दोष देणार नाही. उघडून बिघाड शोधत बसायचे तर त्याचा अर्धा दिवस जातो. नवा भाग बसवला की तो तासाभरात मोकळा. घरी येऊन हे सांगितले तर बाबा, म्हणजे माझे सासरे, वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, "न उघडताच त्याला कळलं होय?"

बाबांची सारी नोकरी इथल्या व्हेइकल फॅक्टरीत झाली. १९६९ साली सुरू झालेल्या या कारखान्यातून सैन्याचे शक्तिमान ट्रक बाहेर पडत, ते थेट १९९६ पर्यंत. ट्रकांच्या वायरिंगमध्ये बाबांचे हात काळे झालेले. आता तेच हात थरथरतात, बारीक दिसत नाही. तेव्हा ठरले, डोके त्यांचे आणि हात माझे.

"आधी कान लाव," हा पहिला हुकूम. किल्ली फिरवून बटण दाबायचे आणि डिकीच्या दरवाजाला कान लावायचा. आतून घरघर येते पण दांडा हलत नाही, तर मोटर जिवंत आहे. दांड्याचा नट सैल झाला असेल किंवा आतले दाते झिजले असतील. नुसताच 'कट्' आवाज येऊन फ्यूज उडत असेल, तर दांड्याचा आस गंजून अडकला असण्याचा संभव जास्त. आणि अगदीच शांतता असेल तर वीजच पोचत नाही किंवा मोटर खरोखरच गेली आहे. आमच्याकडे शांतता होती.

मग फ्यूज. कुठला फ्यूज कशाचा, ते गाडीच्या पुस्तिकेत असते. आमचा शाबूत निघाला. (जळालाच असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. चांदी गुंडाळून काम भागवणाऱ्यांच्या गाड्या पेट घेतात.)

इथे बाबांनी मला एक वेगळाच प्रश्न विचारला. "नंबरप्लेटवरचा दिवा लागतो का गं?" मला माहीतच नव्हते! आपण आपल्या गाडीच्या मागे रात्री कधी उभे राहतो? पाहिले तर तो दिवाही बंद. बाबा खूश झाले. दोन्ही गोष्टी डिकीच्या दरवाजात, दोन्ही एकदम बंद, म्हणजे दुखणे एकच आणि तेही वाटेत कुठेतरी.

ती वाट म्हणजे छत आणि दरवाजा यांच्यामध्ये, बिजागरीजवळ असलेली रबरी नळी. दरवाजाला जाणाऱ्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात. दरवाजा उघडला की त्या सरळ होतात, लावला की दुमडतात. भाजी ठेवा, दप्तर काढा, सिलिंडर घाला, असे हजारो वेळा झाल्यावर आतले तांबे तुटते आणि वरचे आवरण मात्र साळसूदपणे अखंड दिसते.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची ऋण तार १० नंबरच्या पान्याने काढून ठेवली. रबरी नळीची कड बोटांनी उचलून ती खाली सरकवली आणि एकेक वायर हलकेच ओढून पाहिली. काळी वायर ओढल्यावर केस बांधायच्या रबरासारखी ताणली गेली. हीच ती! वायपर आणि दिवा या दोघांची ती परतीची तार होती. छतापाशी पिवळ्या आवरणाच्या वायरी दिसल्या तर त्यांना मात्र हात लावू नका. त्या एअरबॅगच्या असतात आणि ते काम घरचे नव्हे.

तुटलेली टोके तिथल्या तिथे जोडायचा मोह मला झाला. बाबांनी अडवले. दुमडणाऱ्या जागी जोड दिला तर तो पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तुटणार. म्हणून तेवढ्याच जाडीच्या वायरीचा वीतभर नवा तुकडा घातला, दोन्ही जोड दुमडीपासून लांब ठेवले, सोल्डर केले आणि वर नळीचे आवरण चढवले. थोडी ढील ठेवली. सामानाला शंभर रुपयेही लागले नाहीत.

मग माझी फजिती. आस अडकलेला नाही ना, हे पाहायला मी आधीच वायपरचा दांडा काढला होता. (तो निघत नसेल तर काचेवर टेकवून स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका; तेलाचे दोन थेंब सोडून जरा वेळाने हलवत हलवत काढा.) आता तो मला वाटला तसा आडवा बसवून नट आवळला. बटण दाबताच वायपर जोरात फिरला आणि काचेची हद्द ओलांडून कडेच्या पत्र्यावर आपटला. बाबा पोट धरून हसले. दांडा न लावता मोटर एकदा फिरवायची, बटण बंद करायचे, म्हणजे ती आपणहून विश्रांतीच्या जागी थांबते. दांडा बसवायचा तो त्यानंतर. त्यापेक्षा सोपे म्हणजे काढण्यापूर्वीच काचेवर चिकटपट्टीने खूण करून ठेवायची.

चहा पिताना मी विचारले, माहेरच्या लांब डिकीच्या गाडीला मागे वायपर नव्हता, तो कधी लागलाही नाही. मग या आखूड गाडीला का लागतो? बाबांनी बशीवर बोट फिरवून दाखवले. उभ्या पाठीच्या गाडीमागे हवेची पोकळी तयार होते, भोवरे फिरतात आणि चाकांनी उडवलेला चिखल उलट काचेवर येऊन बसतो. इथून लखनादौनमार्गे नागपूरला पावसात गेलेल्या कुणालाही हे पटेल. आणि हो, वायपरचे पेटंट १९०३ साली अमेरिकेत मेरी अँडरसन नावाच्या बाईने घेतले होते. तो आतून हाताने दांडा ओढून चालवायचा होता. बाईंना त्यातून कमाई काही झाली नाही.

कोरड्या, धुळीच्या काचेवर वायपर चालवण्याची माझी सवय बाबांनी त्याच दिवशी बंद करवली. धुळीने काचेवर ओरखडे पडतात आणि मोटरवर ताण येतो, तो वेगळाच.

दोन दिवसांनी शेजारच्या वहिनी नातवाचे बोट धरून आल्या आणि गाडीची किल्ली बाबांपुढे ठेवली. त्यांचा वायपर फिरतो, पण काचेवर पाणी येत नाही. "डिकीच्या आतलं अस्तर ओलं लागतं का, ते आधी बघा," बाबा म्हणाले. "ओलं असेल तर पाण्याची नळी आतच तुटली आहे. कोरडं असेल तर बोअरच्या पाण्याचा क्षार साचून तोटी बंद झालीय. सूनबाई, बारीक सुई आण."

नातू सुई आणायला माझ्याआधीच धावला.