नाईक हे आडनाव नाही, बॉस!

पुण्यात कुणी गाव विचारलं की मी 'आर्णी' म्हणतो. 'ते कुठंय?' हे ठरलेलं. 'यवतमाळ जिल्हा, पुसदच्या बाजूला, नाईकांचा पट्टा' म्हटलं की ट्यूब पेटते.

एका घरातले दोन मुख्यमंत्री! वसंतराव 1963 ते 1975, सलग अकरा वर्षांहून जास्त. पुतणे सुधाकरराव 1991 ते 1993. मग सुधाकररावांचे भाऊ मनोहरराव मंत्री, आणि त्यांचे चिरंजीव इंद्रनील 2024 मध्ये राज्यमंत्री. फॅमिली बिझनेस म्हणा हवं तर.

मला मात्र इंटरेस्ट आडनावात. बंजारा तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणतात. तांडा कुठं उतरायचा, भांडण कसं मिटवायचं, शब्द त्याचा. वसंतरावांचे आजोबा चतुरसिंग असेच नाईक. पुसदजवळचं गहुली त्यांनी वसवलं. तो मानच पुढे आडनाव झाला आणि थेट मंत्रालयात पोचला.

वसंतरावांच्या काळात शेतात हायब्रीड ज्वारी आली, 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली. त्यांचा वाढदिवस, 1 जुलै, म्हणजे आपला कृषी दिन. सॉलिडच! तरीही दिवाळी सरली की आमच्याकडच्या तांड्यांतून ऊसतोडीचे ट्रक भरून निघतात. मागे कुलूपबंद घरं, आणि ओट्यावर म्हातारी माणसं.