गोड बोलू नका, चव सांगा

गेल्या रविवारी दिंडोरीजवळ चुलतभावाच्या मळ्यात आम्ही सहा जण बसलो होतो. समोर पाच बाटल्या. पाचही पेपरात गुंडाळलेल्या, वरून रबर आणि कागदावर स्केचपेनने १ ते ५ आकडे. लेबल कुणालाच दिसत नव्हतं. गुंडाळायचं काम वहिनींकडे होतं, कारण त्या घेत नाहीत आणि त्यांच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे.

कल्पना पुतण्याची. वय २६. शेतकी कॉलेज झालं, मग दोन हंगाम एका वायनरीत टाक्या धुतल्या, पंप ओढले, रात्री दोन वाजता उठून टाकीचं तापमान बघितलं. आता म्हणतो, आपल्या एक एकरात वाइनची द्राक्षं लावू आणि पुढेमागे आपली स्वतःची वाइन करू. बाप म्हणतो, "एकदा हात पोळले, तेवढं पुरे." घरात महिनाभर हाच विषय. शेवटी पोरगं म्हणालं, आपल्या जिल्ह्यातली माझ्या वयाची पोरं काय करतायत ते आधी चाखून तरी बघा.

"काका, एकच अट. गोड बोलायचं नाही. लागेल ते सांगायचं."

पाचातल्या तीन बाटल्या नाशिक जिल्ह्यातल्या छोट्या वायनरींच्या, जिथे वाइन करणारा किंवा करणारी तिशीच्या आसपासची आहे. एक मोठ्या कंपनीची. एक ऑस्ट्रेलियाची. सगळ्या आमच्या पैशाने आणलेल्या. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर कमेंटमध्ये पहिला प्रश्न तोच येईल.

चव सांगण्याआधी बापाचे हात कसे पोळले ते सांगतो. कारण नाशिकच्या वाइनचं कौतुक करणारे लोक हा भाग नेमका गाळतात.

२००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं. अबकारी माफी, विंचूरला वाइन पार्क, तिकडे सांगलीत पलूसला दुसरा. त्याआधी दोनेक वर्षं गंगापूर धरणाजवळ सुला उभी राहिली होती. वातावरण असं होतं की थॉम्पसन लावणारा मागासलेला आणि कॅबर्ने लावणारा पुढारलेला. भावाने दोन एकर लावली. पहिली दोन वर्षं पैसे चोख. मग २००८ ची मंदी आली, मुंबईवरचा हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. वायनरीच्या टाक्या भरलेल्या, नवीन माल ठेवायला जागा नाही. ज्या वायनरीशी बोली झाली होती (नाव घेत नाही, ती आता राहिलीही नाही) तिने पुढच्या हंगामात अर्धा माल उचलला, आणि त्याचेही सगळे पैसे आजतागायत आलेले नाहीत.

आता शेतकरी नसलेल्यांनी एक गोष्ट समजून घ्या. थॉम्पसनला एक्स्पोर्टवाल्याने नाकारलं तर माल लोकल मार्केटला जातो, तिथेही नाही गेला तर बेदाणा होतो. काही ना काही पदरात पडतं. वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड, आत बिया. ते टोपलीत घालून रस्त्यावर बसलात तर कुणी घेणार नाही, त्याचा बेदाणाही होत नाही. त्याला गिऱ्हाईक एकच. ते फिरलं की माल वेलीवरच सुकतो. २०१० साली भावाने ट्रॅक्टर लावून दोन्ही एकर उपटली. जिल्ह्यात असं करणारा तो एकटा नव्हता. त्याच वर्षी 'नाशिक व्हॅली वाइन'ला जीआय मानांकन मिळालं. पेपरात दोन्ही बातम्या आल्या असतील, मोठी कोणती छापली असेल ते तुम्हीच ओळखा.

तर हा माणूस त्या दिवशी ग्लास हातात घेऊन बसला होता.

१ नंबर, चेनीन ब्लाँ. वास पिकू लागलेल्या पेरूचा. तोंडात आधी जराशी गोडी आणि लगेच लिंबासारखा आंबटपणा, जीभ स्वच्छ करून जाणारा. वहिनींनी वांग्याचं भरीत आणि शेवभाजी केली होती. शेवभाजीचा रस्सा आणि वर हा घोट, काय बसलं म्हणून सांगू! तिखटावर तांबडी वाइन कडवट लागते आणि घशात जास्त जाळते, तिथे अशी किंचित गोड, थंडगार पांढरीच चालते. हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, त्या रश्श्याने शिकवलं.

भाऊ तोपर्यंत गप्प होता. दुसरा घोट घेतला आणि म्हणाला, "हे वेळेवर तोडलंय. जानेवारीतच. ऊन चढायच्या आधी."

पुतण्या बघतच राहिला. आपल्याकडे द्राक्षात साखर भरते त्याच दिवसांत ऊन वाढायला लागतं, आणि ऊन वाढलं की आंबट झपाट्याने उतरतं. आठ दिवस उशीर केला तर साखर मिळते आणि जीव जातो. वाइनची निम्मी परीक्षा ही तारीख ठरवण्यात आहे. भावाला वाइनमधलं ओ की ठो कळत नाही, पण तीस वर्षं मणी दाताखाली फोडून बघितलाय. आमच्यातली सगळ्यात तयार जीभ त्याची होती.

२ नंबर, सॉव्हिन्यों ब्लाँ. उघडल्या उघडल्या अंड्याचा वास. खोटं कशाला बोलू? दहा मिनिटं ग्लास फिरवत बसल्यावर वास गेला आणि खाली हिरव्या मिरचीचा, ओल्या गवताचा छान वास निघाला. पण गिऱ्हाईक दहा मिनिटं थांबत नाही. हॉटेलात पहिल्या घोटाला तोंड वाकडं झालं की ते पुन्हा 'इंडियन' मागवत नाही. पुतण्याने खुलासा केला, रस आंबताना यीस्टला पोषण कमी पडलं की असा वास धरतो, लक्ष ठेवलं तर टाळता येतो. म्हणजे चूक करणाऱ्याची. बाटली तरुण वाइनमेकरची होती म्हणून ही चूक माफ होत नाही.

३, ४ आणि ५ तिन्ही शिराझ. ३ नंबर गुळगुळीत, कुठेही न टोचणारी. ४ नंबरमध्ये आधी लाकूड, मग लाकूड, आणि त्याच्या मागे कुठेतरी मिऱ्याचा झणका. तो झणका इतका चांगला होता की लाकडाचा राग आला. ओकचं पिंप परदेशातून येतं, महाग असतं. महागाचं आणलंय तर दिसलं पाहिजे, असा नव्या पोरांचा हिशेब असावा. नव्या सुनेने पहिल्या दिवशी सगळे मसाले घालावेत तसं. ५ नंबर भरदार, जांभळासारखी, शेवटी किंचित गोड.

मग मतं घेतली. ऑस्ट्रेलियाची कोणती? सहापैकी चौघांनी ३ नंबरवर बोट ठेवलं. कागद काढला तर ती मोठ्या कंपनीची निघाली, आपल्याच जिल्ह्यातली. ऑस्ट्रेलियाची ५ नंबर. आणि सगळ्यात चांगली कोणती, याला पाच मतं १ नंबरला. एका छोट्या वायनरीची चेनीन, पाचांत सगळ्यात स्वस्त.

एका रविवारवरून जगाचा निकाल लागत नाही, मान्य. पण मला जे वाटलं ते स्पष्ट लिहितो.

ही पिढी वेगळी आहे. आधीच्या पिढीला वाइन 'आणायची' होती. ते साहजिकच होतं, कोणीतरी सुरुवात करायला हवी होती आणि राजीव सामंतांनी ती केली, बाहेरचा वाइनमेकर आणून केली. नवी पोरं या मातीत वाढलीत. यॉर्कचं नावच बघा, गुरनानी कुटुंबातल्या योगिता, रवी, कैलास या तीन भावंडांच्या आद्याक्षरांवरून पडलेलं. त्यातला कैलास ऑस्ट्रेलियात ॲडलेडला वाइनचं शिक्षण घेऊन परत आला आणि गंगापूरच्या परिसरात वाइन करू लागला. द्राक्षापलीकडेही हेच चाललंय. बोर्डीला प्रियांका सावे आणि नागेश पै चिकूची वाइन करतात. नाशिकमध्येच योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे मधापासून मीड करतात, कंपनीचं नाव सेराना, आपल्या सातेरी माशीच्या शास्त्रीय नावावरून. फ्रान्ससारखं दिसण्याची धडपड यात नाही. इथे काय पिकतं त्यातून काय होतं, ते बघण्याची आहे.

पण चांगली वाइन करणं हा सोपा भाग आहे, असं आता म्हणायची वेळ आलीय. २०२१ मध्ये यॉर्क सुलाने विकत घेतली. यात कुणाचं वाईट केलं असं मी म्हणत नाही, धंदा आहे. पण इतकी नावाजलेली छोटी वायनरीही शेवटी मोठ्या कंपनीत जाते, तेव्हा एक एकरवाल्या पुतण्याने काय समजायचं?

छोट्याला जाहिरात करता येत नाही. दारूचा विषय राज्याचा, त्यामुळे प्रत्येक राज्यात लेबलची वेगळी नोंदणी, वेगळी फी. दोन हजार बाटल्या करणाऱ्याला ती परवडत नाही, दोन लाखवाल्याच्या ती लक्षातही येत नाही. दुकानात बाटली उन्हात उभी ठेवलेली असते, दोन महिन्यांत वाइनचं सरबत होतं आणि नाव करणाऱ्याचं खराब होतं. त्यात डिसेंबर २०२२ पासून ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार लागू आहे. पाच डॉलरच्या वरच्या बाटलीवर १५० टक्के आयातशुल्क होतं, ते १०० वर आलं आणि दहा वर्षांत ५० वर येणार. १५ डॉलरच्या वरची असेल तर २५ वर. म्हणजे ५ नंबरची ती बाटली दरवर्षी स्वस्त होत जाणार.

आणि यावर आपण काय केलं? जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला. लगेच दोन तट पडले. एक म्हणे महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र होणार. दुसरा म्हणे वाइन म्हणजे दारू नाही. निर्णय अंमलात आलाच नाही, पण त्या दुसऱ्या वाक्याने वाइनवाल्यांचं जास्त नुकसान केलं असं माझं मत आहे. वाइनमध्ये १२-१३ टक्के अल्कोहोल असतं. ती दारूच आहे. नवऱ्याच्या पिण्याने पोळलेल्या बाईला जाऊन सांगा बरं, ही दारू नाही म्हणून! ती तुमच्या शेतकऱ्याच्या कळवळ्यावरही विश्वास ठेवणार नाही. खरं सांगायचं तर असं सांगावं: ही दारू आहे, कमी प्यावी, ज्याला नको त्याने पिऊ नये. आणि हे शेतमालाचं उत्पादन आहे, त्याच्या मागे शेतकरी उभा आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

म्हणून मला सुपरमार्केटपेक्षा तीन साध्या गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

एक. विंचूरच्या पार्कात सामाईक वायनरी उभी करा. टाकी, प्रेस, चिलर, प्रयोगशाळा भाड्याने मिळू दे. पुतण्यासारख्याला इमारतीसाठी कर्ज काढायला लावू नका. त्याच्याकडे द्राक्षं आणि अक्कल आहे, तेवढ्यावर त्याला सुरुवात करता आली पाहिजे. आणि छोट्यांची लेबल फी बाटल्यांच्या हिशेबाने घ्या.

दोन. द्राक्षाचा करार लेखी हवा, आणि आधीच्या हंगामाचे पैसे चुकते केल्याशिवाय कुठल्याही वायनरीला सरकारी सवलत मिळता कामा नये. ज्या मालाला गिऱ्हाईक एकच आहे, तिथे ते गिऱ्हाईक बांधलेलं असलंच पाहिजे. तरुण वाइनमेकरांनो, हे तुम्हालाही लागू आहे. तुमची चेनीन कितीही सुंदर असो, शेतकऱ्याचा चेक वटला नसेल तर ती मला गोड लागणार नाही. आणि लेबलवर तोडणीचं वर्ष टाकता तसं गावाचं नावही टाका.

तीन आपल्यासाठी. नाशिकमधल्या किती हॉटेलांत छोट्या वायनरीची एक तरी बाटली मिळते, विचारून बघा. पुढच्या वेळी घेणारच असाल तर मागा. आवडली नाही तर करणाऱ्याला थेट कळवा, अंड्याचा वास आला तर तसं सांगा. 'आपल्या पोरांचं आहे, छान आहे' म्हणून पाठ थोपटायची आणि स्वतः पुन्हा ऑस्ट्रेलियाची मागवायची, हा प्रकार बंद करा.

संध्याकाळी निघताना भाऊ १ नंबरची रिकामी बाटली उलटसुलट करत होता. एका बाटलीला द्राक्षं किती लागतात, विचारलं. पोरगं म्हणालं, साधारण सव्वा किलो. भावाने तोंडातल्या तोंडात काहीतरी हिशेब केला. कसला, ते बोलला नाही.

खुंट लावायचे तर जानेवारी-फेब्रुवारीत, कलम पावसाळा सरताना, आणि पहिलं धड पीक हातात यायला दोन वर्षं. म्हणजे त्या घरात संक्रांतीच्या आसपास काय ते ठरेल. तिळगूळ घेऊन मी जाणार आहे. गोड बोलायची बंदी मात्र त्या दिवशीही राहील, असं पुतण्याने बजावलंय.

ज्यांनी २००८ नंतर वाइनची बाग उपटली, त्यांनी कमेंटमध्ये आपला अनुभव जरूर लिहा. आणि ज्यांनी आता नव्याने लावलीय, त्यांनीही. दोघांनी एकमेकांचं वाचणं गरजेचं आहे.