विश्लेषण : राजुऱ्यात नदीकाठी घर बांधताय? आधी पूररेषा पाहिली का?

कोकणात समुद्राजवळ प्लॉट घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ‘सीआरझेड’चा येतो. भरतीरेषेपासून किती मीटर सोडायचे, हे तिथल्या एजंटालाही पाठ असतं. राजुऱ्यात समुद्र नाही, पण वर्धा नदी आहे आणि तिच्यासाठीही नियम आहेत. मात्र सीआरझेड निदान ऐकून तरी माहीत असतं. पूररेषा बहुतेकांना पाणी अंगणात आल्यावरच कळते.

2022 च्या पावसाळ्यात वर्धेला मोठा पूर आला. राजुरा-बल्लारपूर मार्गावरचा पूल पाण्याखाली गेला आणि रस्ता बंद झाला. पूर ओसरला की नदीकाठच्या जमिनीचे सौदे पुन्हा सुरू होतात. स्वस्त प्लॉट, मोकळी हवा, हमरस्ता जवळ. विकणारा पुराचं नाव काढत नाही.

निळी आणि लाल रेषा म्हणजे काय?

साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोहोचतं ती निळी रेषा. 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा आहे. तिथे बाग, वाहनतळ किंवा उघडा भाजीबाजार चालतो, नवं घर नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे घर बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट उंच हवं.

‘25 वर्षांतून एकदा’ या शब्दांनी मोठी फसगत होते. 2022 मध्ये येऊन गेला, आता 2047 पर्यंत निवांत, असा अर्थ लोक काढतात. खरं तर दर वर्षी तो पूर येण्याची शक्यता 4 टक्के असते, मागच्या वर्षी आला असला तरीही. 20 वर्षांचं गृहकर्ज घेतलं तर ते फिटेपर्यंत निदान एकदा असा पूर येण्याची शक्यता 56 टक्क्यांच्या आसपास जाते. लाल रेषेच्या पुरासाठीही हाच हिशेब 18 टक्के निघतो. म्हणजे कर्ज फेडणाऱ्या दर पाच-सहा घरांमागे एक.

जोतं उंच करायला काय लागतं?

पैसा. 600 चौरस फुटांच्या घराचं जोतं तीन फुटांनी वाढवायचं तर सुमारे 18 ब्रास मुरूम लागतो. दबाई, जोत्याच्या वाढीव भिंती आणि पायऱ्या वेगळ्या. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. त्यात रेती-सिमेंटचीच ओढाताण, भरावाला पैसा कुठून येणार? आणि पुरात घर पूर्ण पडलं तर केंद्राच्या 2022 च्या आपत्ती निकषांनुसार सपाट भागात मदतीचा आकडाही तोच, 1 लाख 20 हजार. त्यामुळे ज्याच्या हाती कमी पैसा आहे, त्यानेच सखल जागा सोडून उंच गावठाणाचा लहान तुकडा घेणं जास्त परवडतं.

दुसरी अडचण काळ्या मातीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. उथळ पाया तिच्यासोबत वरखाली होतो आणि दोन-तीन वर्षांत खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा निघतात. यावर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेल्या खांबांचा पाया विकसित केला. काळी माती खोल असेल तर भारतीय मानकांनुसार असे खांब किमान साडेतीन मीटर खाली न्यावे लागतात. माती उथळ असेल तर ती काढून कडक मुरमावर पाया घेणं स्वस्त पडतं. एक खड्डा खणला की कोणता मार्ग घ्यायचा ते कळतं.

आणि कोळसा?

राजुऱ्याचा प्रश्न इथे कोकणाहून पार वेगळा होतो. सास्ती, गोवरी, पोवनी परिसरात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी आहेत. नदीजवळच्या मातीच्या ढिगाऱ्यांमुळे पूर वाढतो, अशी गावकऱ्यांची जुनी तक्रार आहे. शिवाय कोळसाधारक क्षेत्र कायदा, 1957 नुसार केंद्र सरकार जमीन संपादित करू शकतं. कलम 7 ची अधिसूचना निघाल्यावर हरकतीसाठी 30 दिवस मिळतात. ही अधिसूचना राजपत्रात येते, त्यामुळे केवळ सातबारा कोरा दिसला म्हणून निर्धास्त होऊन चालत नाही. तहसील आणि वेकोलिच्या क्षेत्रीय कार्यालयात गट क्रमांक देऊन विचारावं लागतं. विक्रेता आदिवासी असेल तर महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे मंजुरीशिवाय बिगरआदिवासीला जमीन घेता येत नाही, तेही त्याच फेरीत तपासता येतं.

जमिनीखाली काय आहे हा प्रश्न याच जिल्ह्यातल्या घुग्घुसने दाखवून दिला. 26 ऑगस्ट 2022 रोजी तिथल्या अमराई वॉर्डात एक राहतं घर काही क्षणांत जमिनीत गडप झालं. खाली जुनी भूमिगत खाण होती. घरातली माणसं वेळेवर बाहेर पडल्याने वाचली. आजूबाजूच्या कुटुंबांना मात्र त्यानंतर आपली धडधाकट दिसणारी घरं सोडून दुसरीकडे जावं लागलं.